घरं मोजली, पैसा सातबाऱ्याला : शेतकरी स्वावलंबन मिशनची वाटचाल

२००४ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादीने कापसाला क्विंटलमागे २,७०० रुपयांचं आश्वासन दिलं होतं. सरकार आलं, आणि पुढच्याच हंगामात एकाधिकार खरेदीतला ५०० रुपयांचा अग्रिम बोनसही बंद झाला. २००५-०६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता १,९८० रुपये. यवतमाळच्या कास्तकाराने बियाणं-खताची उधारी केली होती ती बोनस धरून. हिशेब तिथेच फसला. त्या हिवाळ्यात आत्महत्यांच्या बातम्या थांबेनात, तेव्हा डिसेंबर २००५ मध्ये मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी १,०७५ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते राबवण्यासाठी अमरावतीला, विभागीय आयुक्तांच्या देखरेखीखाली, वसंतराव नाईक शेतकरी स्वावलंबन मिशन उभं राहिलं.

नाव यवतमाळचं, कचेरी अमरावतीला. वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. राज्याचे सर्वाधिक काळ मुख्यमंत्री. कापूस एकाधिकार खरेदी त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये सुरू झाली. ती मोडकळीला आली त्याच सुमारास त्यांच्या नावाचं मिशन निघालं. मिशनच्या हाती स्वतःची अशी योजना थोडी. कृषी, सहकार, पशुसंवर्धन, महसूल अशा सगळ्या खात्यांना एका दाव्याला बांधायचं, हे त्याचं काम. सरकारी खात्यांची ओढ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते किती अवघड असतं ते सांगायला नको.

तरी सुरुवातीला या मिशनने एक काम असं केलं की त्याला तोड नाही. २००६ मध्ये, सुधीरकुमार गोयल विभागीय आयुक्त असताना, सहाही जिल्ह्यांतल्या शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. ग्रामसेवक, पटवारी, कृषी सहायक अशी हजारो माणसं कागद घेऊन उंबरठ्यापर्यंत गेली. सुमारे १७ लाख ६४ हजार कुटुंबं त्या पाहणीत आली. प्रश्न नुसते कर्जाचे नव्हते. घरात लग्नाची मुलगी आहे का, कुणी दीर्घ आजारी आहे का, पीक बुडालं का, सावकाराचं देणं आहे का, हेही विचारलं गेलं. त्यावरून कुटुंबांची वर्गवारी झाली, आणि सुमारे ४ लाख ३४ हजार कुटुंबं अतितणावाच्या रकान्यात बसली. नमुना पाहणी करून अंदाज बांधणं सोपं असतं. इथे घर न् घर मोजलं होतं. कोणत्या गावात कोणत्या घराला आज हात द्यायला हवा, हे सरकारला त्या वर्षी नावानिशी माहीत होतं.

या पाहणीशी नातं सांगणारी एक योजना म्हणजे शुभमंगल सामूहिक विवाह. मुलीच्या लग्नाचा बोजा हे तणावाचं मोठं कारण आहे हे ज्या काळात कागदावर येत होतं, त्याच काळात वधूच्या आईवडिलांना १० हजार रुपये आणि सोहळा करणाऱ्या संस्थेला जोडप्यामागे २ हजार अशी मदत सुरू झाली. पण मोठा पैसा आला तो दुसऱ्या वाटेने, आणि त्या वाटेवर मिशनची ती यादी कुणी पाहिली नाही. पात्रतेला सातबारा लागला, बँकेचं खातं लागलं, थकबाकीचा दाखला लागला.

१ जुलै २००६ ला, म्हणजे नाईकांच्या जयंतीला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भ दौऱ्यात ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याची फोड पाहिली की पैसा कुठे चालला होता ते दिसतं. २,१७७ कोटी सिंचन प्रकल्पांना. ७१२ कोटी थकीत व्याज माफ करायला; म्हणजे ते बँकांच्या खातेवहीत जमा. बियाणं बदलासाठी १८०, फळबागांना २२५, पाणलोटाला २४०, ठिबक-तुषारला ७८, जोडधंद्यांना १३५ कोटी. आकडा ऐकून दिल्लीला वाटलं असेल की कास्तकाराच्या घरी पैसा पोचला. त्यातला बहुतेक पैसा धरणाच्या भिंतीत आणि बँकेच्या ताळेबंदात जाणार होता. जो गावापर्यंत यायचा तोही वस्तूच्या रूपात.

त्या वस्तूंमध्ये सगळ्यात गाजल्या त्या गाई. ५० टक्के अनुदानावर संकरित गाय. अर्धे पैसे शेतकऱ्याने भरायचे, म्हणजे ज्याच्यासाठी योजना त्याने आधी कर्ज काढायचं. गाय दारात आल्यावर तिला रोज हिरवा चारा, ढेप, भरपूर पाणी हवं. यवतमाळच्या कोरडवाहू गावात मार्च लागला की माणसांच्या पाण्याचे वांधे. गावरान बैल-गाय कडब्यावर आणि धुऱ्यावरच्या गवतावर निघून जाते, ही निघत नव्हती. वर दूध विकायला जवळपास डेअरी धड चालू नाही. जेवढं दूध निघायचं त्याहून जास्त खर्च चाऱ्याला. कुणी ती नातेवाइकाला दिली, कुणी पडेल त्या भावाने विकली. जोडधंदा म्हणून आलेली गाय घरातलं नवं तोंड होऊन बसली. पॅकेजमधल्या साहित्यवाटपाची पुढे चौकशी झाली आणि गोपाल रेड्डी समितीने कृषी खात्यातल्या अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला, पण गाईच्या बाबतीत चोरीपेक्षा अडाणीपणाच मोठा होता असं माझं मत आहे. टेबलाशी बसून केलेला.

धडक सिंचन विहिरींचं निराळं. ही योजना मुळात बरी. विहिरीला लाखभर रुपये अनुदान, टप्प्याटप्प्याने. पण खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो, मोजमाप व्हायला अभियंता येत नाही, पुढचा हप्ता अडकतो आणि विहीर अर्धी राहते. पुरी झाली त्यांचं भलं झालं, यात शंका नाही. पाणी लागलेल्या माणसाला मग पंपाचं अनुदान, वीजजोडणी, ठिबकचं अनुदान अशी एकेक दारं उघडत जातात. ठिबकला आज अल्प-अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के मिळतात, राज्य भर घालून ते ८० टक्क्यांपर्यंत नेतं. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल सरकार भरतं. ज्याच्या वावरात विहीर नाही त्याच्यासाठी या साऱ्या योजनांची किंमत शून्य. जिल्ह्यातली बहुतेक पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर आभाळाच्या पाण्यावर उभी आहे हे ध्यानात घेतलं की अनुदान कुणाकडे वळतं हे निराळं सांगावं लागत नाही.

मिशनच्या वाट्याला आलेलं सगळ्यात कठीण काम मात्र एका तक्त्याचं होतं. अमरावतीच्या आयुक्त कार्यालयात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची जिल्हावार नोंद ठेवली जाते. त्यात रकाने असतात: एकूण, पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख. ३० हजार रोख आणि ७० हजार वारसाच्या नावे ठेव. जानेवारी २००६ चा हा शासन निर्णय. पात्र ठरायला मयताच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावे शेती हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, आणि ते थकलेलं हवं. पोलीस पाटलाचा अहवाल, शवविच्छेदन अहवाल, पटवाऱ्याचा सातबारा, बँकेचा दाखला असं सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं. बिगरपरवान्याच्या सावकाराकडून घेतलेलं कर्ज कोणत्या कागदावर असणार? कृषी सेवा केंद्राची उधारी कोण लिहून देणार? ती असते दुकानदाराच्या वहीत, आणि वही तो दाखवत नाही.

रकमेबद्दलही बोललं पाहिजे. २००६ साली लाख रुपये म्हणजे हमीभावाने जवळजवळ ५० क्विंटल कापूस. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. त्या भावाने लाख रुपयांचा कापूस होतो सव्वाबारा क्विंटल. इतक्या वर्षांत मुख्यमंत्री बदलत गेले, रक्कम तीच.

मारेगाव तालुक्यातल्या जळक्याच्या कलावती बांदूरकर देशाला ठाऊक झाल्या त्या जुलै २००८ मध्ये, राहुल गांधींनी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाच्या भाषणात त्यांचं नाव घेतलं तेव्हा. आत्महत्या केलेला नवरा मक्त्याने, म्हणजे भाड्याने, वावर करत होता. मक्त्याचं वावर सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाचं असतं, म्हणून शेतकरी आत्महत्येच्या सरकारी मदतीच्या चौकटीत हे घर बसलं नाही. भाषणानंतर मदत आली ती खाजगी. ज्या बाईचं नाव घेऊन देशाने शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांची चर्चा केली, ती सरकारी कागदावर शेतकऱ्याची विधवा नव्हती.

मक्ता किंवा बटई तोंडी का होते, यालाही इतिहास आहे. विदर्भात १९५८ चा कूळ कायदा लागू आहे. लिहून दिलं आणि माणूस कूळ म्हणून लागला तर, ही मालकाची भीती तेव्हापासूनची. मालक यवतमाळला किंवा नागपूरला नोकरीत, वावर गावातला भूमिहीन किंवा दोन एकरवाला कसतो, पैसे पेरणीच्या आधी मोजून देतो. पीक त्याचं, तोटा त्याचा. पण पीककर्ज मालकाच्या नावे, अतिवृष्टीची मदत मालकाच्या खात्यात, पीकविम्याला नोंदणीकृत भाडेकरार पाहिजे. कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने विकायचा तर तिथेही सातबारा. म्हणून मक्तेवाला खाजगी व्यापाऱ्याकडे जातो आणि मिळेल तो भाव घेतो. काही मालक सरळ असतात, मदत आली की देऊन टाकतात. हे चांगुलपणावर चालतं, हक्कावर नाही. एकच अनुदान असं आहे जे सातबारा विचारत नाही: खताची पिशवी. युरियाची ४५ किलोची पिशवी आधार आणि अंगठा दिला की कुणालाही २६६ रुपये ५० पैशांना मिळते. अनुदान परस्पर कंपनीला जातं. मक्तेवाल्याला सरकारकडून जे मिळतं त्यातलं खात्रीचं बहुधा हेच.

कर्जमाफ्यांनीही आपापली गाळणी लावली. २००८ च्या केंद्राच्या माफीत पाच एकरांची रेघ होती. आत असलेल्यांना पूर्ण माफी. बाहेर असलेल्यांनी ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. दोन एकर द्राक्षबाग आणि आठ एकर कोरडवाहू पऱ्हाटी यांना एकाच रेघेने मापलं तर काय होणार ते झालं. राज्याने नंतर पाच एकरांवरच्यांना २० हजारांपर्यंत सवलत जोडली, पण ती ठिगळच. महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये देशभरातली ९० हजारांवर खाती तपासली तेव्हा त्यातल्या २२ टक्क्यांहून जास्त खात्यांत चुका निघाल्या. २०१७ च्या राज्याच्या योजनेत कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा, आणि नवरा-बायको दोघांचे आधार घेऊन केंद्रावर रांग. २०१९ च्या महात्मा फुले योजनेत मर्यादा दोन लाख. त्यावर थोडंही थकीत असलं तर खातं सरळ बाहेर.

आणि या सगळ्यांत मार खातो तो नवं-जुनं करणारा. मार्च आला की सोसायटीचा सचिव सांगतो, भरून टाका, लगेच परत उचल देतो. माणूस कुठून तरी, महिना शेकडा पाचाने का होईना, पैसे आणतो, खातं एका दिवसासाठी कोरं करतो आणि नवं कर्ज उचलून सावकाराचे फेडतो. कागदावर तो नियमित कर्जदार. माफी आली की थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव नाही. २०२२ मध्ये अशा नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, हे खरं. पण ते प्रत्येक माफीच्या मागून रडतखडत येतं.

२०१५ मध्ये मिशनचं रूप पालटलं. देवेंद्र फडणवीस सरकारने पांढरकवड्याच्या किशोर तिवारींना अध्यक्ष केलं, राज्यमंत्र्याचा दर्जा दिला, आणि कार्यक्षेत्र मराठवाड्याचे आठ जिल्हे धरून १४ जिल्ह्यांपर्यंत नेलं. विदर्भ जनआंदोलन समितीचे तिवारी म्हणजे वर्षानुवर्षं आत्महत्यांचे आकडे वर्तमानपत्रांना कळवणारे, सरकारच्या आकड्यांना आव्हान देणारे. आता तेच आकड्यांच्या अलीकडे आले. सरकारात बसून सरकारवर बोलायची सवय त्यांनी सोडली नाही. पुढे सरकारं बदलली, अध्यक्ष बदलले. निलेश हेलोंडे पाटील आले.

या काळातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, ऑगस्ट २०१५ पासून १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने. कुणी काहीही म्हणो, घरात दाणा आला. २०२३ मध्ये धान्य गेलं आणि त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये आले, तेही घरातल्या महिला कुटुंबप्रमुखाच्या खात्यात. सातबाऱ्याने बाईला जे दिलं नाही ते रेशन कार्डाने दिलं, तेवढ्यापुरतं तरी. दुसरी गोष्ट यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत पथदर्शी म्हणून आलेलं बळीराजा चेतना अभियान. गावाच्या समितीने गावातलं अडचणीतलं घर ओळखायचं आणि तिथल्या तिथे हात द्यायचा. २००६ च्या पाहणीमागची बुद्धी इथे पुन्हा दिसली, लहान प्रमाणात.

२०१७ च्या पावसाळ्यात फवारणीने विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पडून होती. पाठीवर पंप घेतलेले त्यातले कितीतरी मजूर होते, रोजाने दुसऱ्याच्या वावरात फवारणारे. शेतीच्या योजनांना ते तोवर दिसलेच नव्हते. दोन लाखांची मदत आली ती मेल्यावर.

आता काळ थेट खात्यात पैशांचा. पीएम किसानचे वर्षाला ६,०००, त्यावर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान योजनेचे ६,०००. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी यवतमाळजवळ भारीच्या सभेतूनच पीएम किसानचा १६ वा हप्ता सोडला, २१ हजार कोटींवर. दलाल नाही, गाय नाही, मोजमाप नाही. हप्ता येतो आणि लोक त्यातून बियाण्याची पिशवी आणतात किंवा दवाखान्याचं बिल भरतात. इतकी सरळ योजना विदर्भाने याआधी पाहिली नव्हती. पण दार तेच. १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावे जमीन होती त्यालाच लाभ, नंतरची नोंद वारसानेच आलेली चालते. पै पै जोडून २०२० मध्ये एकर-दीड एकर विकत घेतलेला मजूर त्यात नाही, वडिलोपार्जित वावर मक्त्याने देऊन शहरात राहणारा आहे. झरी जामणीच्या पोडावरचा कोलाम, ज्याचा वनहक्काचा दावा मंजूर झाला तो आत, ज्याचा पडून आहे तो बाहेर. दोघांची वखरं एकाच डोंगराच्या उतारावर चालतात. पैनगंगेपलीकडे, तेलंगणात, २०१८ पासून रयतु बंधू एकरावर मिळू लागलं, हंगामाला एकरी ४,०००. तिथेही पट्टेदारालाच. जास्त एकर त्याला जास्त. आपल्याकडे निदान दोन एकर आणि वीस एकर यांना सारखेच बारा हजार मिळतात, हे मी आपल्या योजनेचं बलस्थान मानतो.

विधवांचं काय, हे विचारायला सरकारला २०१९ उजाडलं. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ बायकांची पाहणी केली. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर ज्या शेतीत त्या राबत होत्या ती ४० टक्के बायकांच्या नावे अजून झाली नव्हती. सासरा किंवा दीर नाव लावू देत नाही, मग पीककर्ज नाही, पीएम किसान नाही, अतिवृष्टीची मदत दिराच्या खात्यात. जून २०१९ मध्ये राज्याने अशा कुटुंबांच्या वारसनोंदीसाठी शासन निर्णय काढला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्याच्या हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायला सांगितलं होतं, त्याला तोवर तीस वर्षं होत आली होती.

२०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक आला. आधार आणि जमिनीचे गट एकत्र जोडलेले; यापुढे योजना हवी तर हा क्रमांक हवा. जुलैत बच्चू कडूंनी सातबारा कोरा करा म्हणत पापळहून महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणपर्यंत पदयात्रा काढली, ऑक्टोबरात अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि नागपूरच्या आंदोलनानंतर कर्जमाफीसाठी प्रवीण परदेशी समिती नेमून ३० जून २०२६ पर्यंत निर्णयाचं आश्वासन मिळालं. समिती थकीत खात्यांच्या याद्या बँकांकडून मागवू शकते. मक्त्याच्या वावराची यादी ना बँकेत आहे ना तहसीलमध्ये. ती हवी असेल तर ग्रामसेवक, पटवारी आणि कृषी सहायकाला पुन्हा घरोघर पाठवावं लागेल. ते कसं करायचं हे अमरावतीच्या कचेरीला २००६ पासून माहीत आहे.